हँडलला बांधलेली चुनरी

आमच्या यार्डात ऑपरेटर मशीनवर बूट काढून चढतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं. लाकडं उचलणारी तीन मोठी मशिनं धडधडत होती, प्रत्येकाच्या पायरीखाली कंपनीने दिलेले लोखंडी टाचेचे बूट देवळाबाहेर ठेवतात तसे जोडीने ठेवलेले, आणि आत माणसं अनवाणी पायांनी पेडल दाबत होती. मी खालूनच ओरडले, "तुम लोग जूते क्यों निकालते?"

यार्डातले सगळे माझ्याकडे वळले. लखनऊत अनोळखी, वडीलधाऱ्या माणसाला 'तुम लोग' म्हणणं म्हणजे जवळपास शिवीच, हे मला नागपुरात कोणी सांगितलं नव्हतं. तिघांतल्या सगळ्यात वयस्क ऑपरेटरने मशीनचा आवाज कमी केला, खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, आप नाराज़ न हों. अपने घर में कोई जूते पहनकर जाता है?"

त्याला सगळे चाचा म्हणत. मीही पुढे म्हणायला लागले. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटकुळा, गळ्यात बारमाही गमछा. या माणसामुळेच मी हे लिहायला बसले आहे.

काम काय आहे ते आधी सांगते. आमची फर्म शेतकऱ्यांच्या बांधावरची निलगिरी आणि पॉप्लरची झाडं तोडून आणते. रायबरेली रोडवर, तेलीबाग मागे टाकून बरंच पुढे गेलं की आमचं यार्ड लागतं. तिथे ओंडक्यांची सालं निघतात, लांबीप्रमाणे ढीग लागतात आणि मग ट्रक भरून प्लायवूडच्या नाहीतर कागदाच्या कारखान्यात जातात. ओंडके उचलणाऱ्या मशीनच्या लांब हाताच्या टोकाला लोखंडी पंजा असतो, एका झपाट्यात चार-पाच ओंडके धरणारा. नवऱ्याची बँकेतली बदली लखनऊला झाली, आम्ही वृंदावन योजनेत घर घेतलं, आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा व खाणीतल्या नोकरीचा अनुभव असलेली मी या यार्डात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. लाकूड घेणाऱ्या एका कारखान्याने सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय माल घेणार नाही म्हटलं होतं, म्हणून ही जागा निघाली. मॅनेजरने हे मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, म्हणजे माझ्या डोक्यात हवा जायला नको.

बुटांची लढाई वर्षभर चालली. ऑपरेटरचं म्हणणं साधं होतं. मशीन पोटाला देतं, त्याची सालातून एकदा पूजा होते, त्याला बूट लावायचा नाही. माझं म्हणणंही साधं होतं. घामेजला पाय पेडलवरून सटकला की खालच्या माणसाचा जीव जाईल. शेवटी मी मऊ तळव्याचे बूट आणले, जे केबिनच्या आतच राहतील आणि बाहेरची माती बघणारच नाहीत. बाहेरचे बूट बाहेर, घरचे बूट घरात. चाचांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि घातले. त्यांनी घातले म्हणून बाकीच्या दोघांनी घातले. तेव्हा मला वाटलं, आपल्याला ही माणसं कळली. यांना नियम नको असतो, मान हवा असतो. हे मी अर्धवटच शिकले होते, आणि अर्धवट शिकलेलं फार महागात पडतं.

कानाचंही असंच. मी कानात घालायचे बोळे वाटले तर चाचा म्हणाले, "इसे लगा लें तो मशीन क्या बोल रही है, कैसे सुनें?" त्यांना पंपाच्या आवाजावरून तेल कमी झालेलं कळायचं. माझ्याशी बोलताना मात्र ते उजवा कान पुढे करत, कारण डाव्याने कमी ऐकू येत होतं. मी त्यांची तपासणी करवून घेतली, बाहेरून लावायचं हलकं कानकवच मागवलं, आणि ते त्यांनी दुपारपर्यंत लावायचं, दुपारनंतर काढायचं असा तह झाला. मी चिडायचे, पण अर्धा दिवस तर अर्धा दिवस. या नोकरीत पूर्ण दिवस कोणी देत नाही.

खरा वैताग होता लाल हँडलचा. ऑपरेटरच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याजवळ, वीतभर लांबीचं एक लाल हँडल असतं. ते वर केलं की मशीनचा हात मेला. मग कोणी चुकून कुठल्याही दांड्याला धक्का दिला तरी पंजा हलत नाही. खुर्चीतून उठायच्या आधी ते वर करायचं, एवढाच नियम. आमच्याकडे तर तो जास्तच गरजेचा, कारण बॅटऱ्या इतक्या जुन्या की इंजिन एकदा बंद केलं की परत सुरू होईल याची खात्री नाही. त्यामुळे ऑपरेटर पाणी प्यायला उतरला तरी इंजिन चालूच. नव्या बॅटऱ्या मी तीनदा मागितल्या. मॅनेजर दर वेळी "हाँ-हाँ, देखते हैं" म्हणाला आणि बघत राहिला.

मी पोस्टर लावली, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. रोज सकाळी सगळ्यांना उभं करून बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. दोघे ऑपरेटर सरळ विसरायचे. चाचांचं काय चाललंय ते मला नीट कळायचं नाही. एकदा ते उतरत होते तेव्हा मी खाली उभी होते, आणि त्यांचा गुडघा हँडलला लागलेला दिसला. मला वाटलं, धक्का लागला. मी म्हटलं, "चाचा, घुटने से नहीं. हाथ से उठाइए. ये सेफ्टी की चीज़ है, इसकी इज़्ज़त कीजिए." ते म्हणाले, "जी, मैडम." लखनऊचा माणूस 'जी' इतक्या अदबीने म्हणतो की पुढे काही विचारायचं असतं हेच आपण विसरतो.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी मशिनं बंद. सकाळपासून धुणं, पुसणं, टायरला नारळ, लोखंडाला टिळे, बुंदीचे लाडू. आम्ही बौद्ध. माझ्या माहेरी यंत्राला तेल देतात, हळद-कुंकू नाही. पण नोकरी म्हटली की मी बाजूला उभी राहते, लाडू खाते, आणि कोणाच्या श्रद्धेला नाक मुरडत नाही. त्या वर्षी चाचांनी आपल्या गावच्या देवीच्या देवळातून तीन लाल चुनऱ्या आणल्या होत्या, जरीची किनार असलेल्या, हातभर लांबीच्या. दर वर्षी त्या आरशाच्या दांडीला बांधायचे. आणि मला शहाणपण सुचलं.

मी म्हटलं, "इस बार लाल हैंडल पर बाँधिए. जान तो वही बचाता है."

मॅनेजर खूश झाला. "वाह, मैडम, क्या आइडिया है." तिन्ही मशिनांच्या हँडलांना चुनऱ्या बांधल्या गेल्या, उदबत्ती ओवाळली गेली. मॅनेजरने फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला आणि तिकडून माझ्या नावाने शाबासकी आली. घरी मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. माझी मुलगी दहावीत आहे, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली, "मम्मा, आप तो पूजा-पाठ वाली हो गईं." मी म्हटलं, "पूजा त्यांची, काम माझं." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आणि फरक दिसायलाही लागला. रोज सकाळी मी फॉर्म घेऊन यार्डात फिरते. चाचा पायरीवर उभे राहायचे, बाहेरूनच उजवा हात आत घालून हँडलला लावायचे, तो हात कपाळाला लावायचे, मग हँडल खाली करून खुर्चीत बसायचे. बाकीचे दोघेही तसंच. संध्याकाळी इंजिन बंद करून उतरले की पुन्हा पायरीवरून उजव्या हाताने हँडल वर. मी दोन्ही वेळा बघायचे आणि 'लाल हँडल हाताने वर' या रकान्यात खूण करायचे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सगळे रकाने भरलेले. दिवसभरात ते किती वेळा उतरतात आणि कसे उतरतात, हे बघायला मी थांबले नाही. दुपारी माझी कागदपत्रं असायची.

डिसेंबरात एक दिवस धुकं उशिरा उठलं, म्हणून काम उशिरा सुरू झालं आणि सगळ्यांना घाई होती. मी ऑफिसात बसून आठवड्याचा तक्ता भरत होते. बाहेर एक आवाज झाला, ओंडका पडल्यासारखा, आणि त्यामागून माणसाचा. ओंडका पडतो तेव्हा माणसं शिव्या देतात. या वेळी कोणी शिवी दिली नाही, म्हणून मी धावले.

चाचांच्या मशीनसमोर साखळीवाला पडला होता. हा माणूस खाली उभा राहून ट्रकवरच्या लाकडांना साखळी आवळायचा. चाचांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा, दोघांचा डबा एकत्र यायचा. झालं होतं ते असं: ट्रकजवळ दोन ओंडके एकमेकांत अडकले होते. साखळीवाला ते सोडवायला पंजाखाली गेला. वरून चाचांना नीट दिसेना, म्हणून ते बघायला उतरू लागले. इंजिन चालू, पंजा हवेत. उठताना त्यांच्या गमछ्याचं टोक उजवीकडच्या दांड्यात अडकलं, दांडा ओढला गेला, आणि रिकामा पंजा खाली आला. साखळीवाला बाजूला झाला, पण पाय राहिला. डावा, गुडघ्याच्या खाली.

आम्ही त्याला पिकअपमध्ये घातलं. रायबरेली रोडवर त्या वेळी जी गर्दी असते तीच होती, आम्ही हॉर्न वाजवत गेलो. साखळीवाल्याचं डोकं चाचांच्या मांडीवर होतं. चाचा एकच वाक्य म्हणत होते, "हमसे हो गया, हमसे हो गया." शेवटी साखळीवालाच म्हणाला, "चुप रहो, यार. दर्द हमें हो रहा है." मी त्याचा पाय फळीला बांधून धरून बसले होते.  

पाय वाचला. आत सळई घालावी लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालेल, पण लंगडेल, आणि यार्डातलं काम पुन्हा करू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने अपघाताचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. 'कारण' या रकान्यात त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं: ऑपरेटरने लॉक लावलं नाही. बाकीचं मी भरून सही करायची होती. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत. चाचांना घरी बसवलं होतं. असा फॉर्म वर गेला की त्यांची नोकरी जाणार, आणि नुसती नोकरी नाही. या धंद्यात सगळी यार्डं एकमेकांना ओळखतात. ज्याच्या हातून माणूस जायबंदी झाला आणि ज्याच्या नावावर 'लापरवाही' लागली, त्याला कोणी मशीनवर चढू देत नाही. तीस वर्षं मशीनच चालवलेल्या माणसाला दुसरं काय येतं? मी म्हटलं, "पहले चाचा का बयान लूँगी." मॅनेजर म्हणाला, "ले लीजिए, पर है तो साफ़ मामला."

चाचा तेलीबागेत बाजारामागे एका खोलीत राहतात. कुटुंब गावी. मी गेले तेव्हा ते हॉस्पिटलातून नुकतेच आले होते. रोज सकाळी साखळीवाल्याला डबा पोचवून यायचे. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले, आणि मी नको म्हणेपर्यंत चहा ठेवलासुद्धा. मी वही उघडली आणि विचारलं, "लाल हैंडल क्यों नहीं उठाया, चाचा?"

त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मैडम, उस पर माता की चुनरी बँधी है."

"तो?"

"हैंडल बाएँ तरफ़ है. बैठे-बैठे दायाँ हाथ वहाँ पहुँचता नहीं. बायाँ हाथ माता को कैसे लगाएँ?"

मी विचारलं, मग आधी काय करत होता? चुनरी बांधायच्या आधी?

"पहले तो घुटना मार देते थे. उठते-उठते, अपने आप. बरसों की आदत थी. कभी भूले नहीं." मग म्हणाले, "अब घुटना कैसे मारें? पैर है. तो हम बचाकर उठते थे, दाहिनी तरफ़ होकर. उसी में गमछा फँस गया."

मी वहीत काही लिहिलं नाही. तीन ऑपरेटरांपैकी एक जण, एकटाच, वर्षानुवर्षं नियम पाळत होता, आणि मी त्याला खालून ओरडले होते की गुडघ्याने नको, इज्जत करा. मग त्या हँडलला मीच देव केलं. देव झाल्यावर त्याला पाय लागायचा प्रश्नच उरला नाही. त्याला चुकवून उठताना चाचा उजवीकडे कलले आणि गमछा अडकला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे आपण हसून म्हणतो. मला हसू येत नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि अशी लाज मला आयुष्यात दोन-तीनदाच वाटली आहे.

"मेरी वजह से हुआ," मी म्हटलं.

"नहीं, मैडम. आपने अच्छे के लिए कहा था. मशीन पर तो हम ही थे."

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेतला माणूस, कागदाचं मोल त्याला कळतं. तो म्हणाला, "चुनरीची गोष्ट कुठे लिहिलेली आहे का?" नाही. "मग तू कशाला लिहितेस? हात दाखवून अवलक्षण. बॅटरीचं लिही, चाचांना वाचव, स्वतःचं नाव घालू नकोस." वाईट सल्ला नव्हता. मी रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत राहिले, कारण मला तो सल्ला पटत चालला होता. बॅटरीचं लिहिलं असतं तर निम्मं खरं लिहिलं गेलं असतं, आणि निम्म्या खऱ्यावर सही करायची मला सवय होती. रोजच्या रकान्यांत मी तेच तर करत होते.

पण चुनरी वगळली तर एकच प्रश्न उरत होता: हँडल का नाही उचललं? आणि त्याचं उत्तर पुन्हा चाचांवरच येत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी मॅनेजरचा फॉर्म बाजूला ठेवला आणि दोन पानं लिहिली. इंजिन बंद का करत नाहीत, बॅटऱ्या किती वेळा मागितल्या, पंजाखाली माणूस जाऊ नये म्हणून आखलेली रेघ कधीची पुसली गेली आहे आणि ती मी पुन्हा का आखली नाही. मग चुनरी. कोणी सुचवलं, का सुचवलं, गुडघ्याने हँडल उचलायला कोणी मना केलं. शेवटी सही.

मॅनेजरने वाचलं आणि चष्मा काढला. "मैडम, ये आप अपने ऊपर क्यों ले रही हैं? आपकी तो तारीफ़ हुई थी इस पर."

"फोटो भी लगा दीजिए साथ में," मी म्हटलं. "तारीख है उस पर."

त्याने ते दोन दिवस टेबलावर ठेवलं, मग पाठवलं. मी दुसरी प्रत आमचा माल घेणाऱ्या कारखान्याला पाठवीन की काय, अशी त्याला धास्ती वाटली असावी. मी तसं म्हटलं नव्हतं. नाकारलंही नव्हतं.

दरम्यान साखळीवाल्याला भेटायला गेले. जायला फार जड गेलं. त्याची बायको दारात होती, मला बघून ती आत निघून गेली, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मी त्याला चुनरीचं सांगितलं. तो म्हणाला, "हम भी तो पंजे के नीचे खड़े थे, मैडम." चाचा म्हणत चूक आपली, साखळीवालाही म्हणे आपली, मी म्हणे माझी. ज्याने बॅटऱ्या दिल्या नाहीत तो एकटा काही म्हणत नव्हता.

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. चाचांना कामावर घ्यावं. तिन्ही मशिनांना नव्या बॅटऱ्या द्याव्यात. साखळीवाल्याला बरा झाला की गेटवर बसायचं काम द्यावं. आणि मला लेखी ताकीद, वरिष्ठांना न विचारता कामाच्या पद्धतीत बदल सुचवल्याबद्दल. ती माझ्या फायलीत आहे. नवरा म्हणाला, "बघ." मी म्हटलं, "बघितलं."

चाचा परत आले त्या सकाळी ऊन पडलं होतं. नवी बॅटरी बसली होती. बाकीच्या दोघांनी आपापल्या चुनऱ्या आदल्याच दिवशी सोडून पुन्हा आरशाला बांधल्या होत्या. चाचांच्या मशीनवर मात्र तशीच होती, त्या दिवसापासून ते मशीन कोणी चालवलं नव्हतं आणि चुनरीला कोणी हात लावला नव्हता. चाचा पायरीजवळ उभे राहिले. चढेनात.

"आपने बँधवाई थी, मैडम," ते म्हणाले. "आप ही खोलिए."

मी बुटाची नाडी सोडायला वाकले. वर्षभर ज्यावरून भांडले तेच करायला निघाले होते. चाचा म्हणाले, "रहने दीजिए, आपका ही नियम है." तरी मी काढले आणि मोज्यांवर चढले.

गाठ पायरीवरून सुटेना. तेल, धूळ आणि धुक्यातला ओलावा बसून ती दगड झाली होती. म्हणून मी आत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची मधोमध फाटलेली होती आणि तिच्यावर एक जुना गमछा घडी करून ठेवलेला होता. समोरच्या काचेतून ट्रक दिसत होता, पण ट्रकच्या खालचं काहीच दिसत नव्हतं. माणूस उभा असता तर त्याची टोपीही दिसली नसती. वाकून नखांनी गाठ उकलायला बराच वेळ लागला. चुनरी हातात आली, जर काळी पडलेली.

मी उठले. उठताना माझा डावा गुडघा हँडलला लागला आणि ते खट्‌ करून वर गेलं.

मी परत बसले. हँडल खाली केलं आणि पुन्हा उठले. पुन्हा खट्‌. तिसऱ्यांदा मी मुद्दाम गुडघा आवरायचा प्रयत्न केला, तर मला उजवीकडे कलावं लागलं, आणि माझी ओढणी उजव्या दांड्यावर गेली. ज्याने कोणी ते मशीन बनवलं त्याने हँडल नेमकं गुडघ्याच्या वाटेत ठेवलं होतं. हे कळायला त्या खुर्चीत एकदा बसायचं होतं, बस. चार वर्षं मी खाली उभी राहून उंटावरून शेळ्या हाकत होते. बसले कधीच नव्हते.

चाचा पायरीवर उभे राहून बघत होते. "ऐसे ही तो करते थे," ते म्हणाले.

"आपने बताया क्यों नहीं, चाचा? उस दिन, जब मैंने टोका था?"

"आपने पूछा नहीं था, मैडम," ते म्हणाले. "आपने कहा था, हाथ से."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी चुनरी त्यांच्या उजव्या हातात दिली आणि खाली उतरले. ते आत जाऊन बसले, आतले मऊ बूट घातले, इंजिन सुरू केलं, मग मी सांगितलं म्हणून बंद करून पुन्हा सुरू केलं. मी ऑफिसात आले आणि रोजच्या फॉर्मवरच्या त्या रकान्यातला 'हाताने' हा शब्द खोडला.